मेन्यूवरचं ‘ग्लुटेन-फ्री’ किती खरं?

प्रश्न असा की फ्रीजर-डिनर (घरी नेऊन गोठवायची जेवणं) जुळवून देणाऱ्या किचनच्या मेन्यूवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलं असेल तर सीलिॲकवाल्याने, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन ज्याला बाधतं त्याने, निर्धास्त घ्यावं का. नुसत्या तेवढ्यावर नको. घोळ पाककृतीत कमी, वाढायच्या डावांत जास्त. ब्रेडक्रम्ब्जच्या डब्यातला डाव शेजारच्या चीजमध्ये बुडाला की संपलं. गोठवून किंवा शिजवून ग्लुटेन जात नाही, आणि सॅनिटायझरचा फवारा जंतू मारतो, पीठ काढत नाही. त्यासाठी साबण-पाण्यानेच धुवायला हवं.

म्हणून दिवसाची पहिली वेळ घ्या, न उघडलेली पाकिटं आणि वेगळे डाव मागा. तयार सॉसची मूळ लेबलं बघायला मागा: सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, स्टॉक क्यूब आणि माल्ट व्हिनेगरही तपासा. लेबलवरच्या ‘ग्लुटेन-फ्री’ दाव्याची मर्यादा बऱ्याच देशांत २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग ग्लुटेन) असते. उघड्या काउंटरवर ती कोण मोजणार?

मैद्याऐवजी कॉर्नस्टार्च घातलेला सॉस गोठवून वितळवला की पाणी सोडतो. टॅपिओकाचं (ज्यापासून साबुदाणा करतात ते) किंवा चिकट तांदळाचं पीठ त्यापेक्षा बरंच टिकतं. ग्लुटेन-फ्री पास्ता मात्र गोठवूच नका, तुकडे होतात. सॉस तेवढा गोठवा, पास्ता आयत्या वेळी उकडा.