'ग्रुप ऑडिट' : लेखापरीक्षण, तपासणी की पडताळणी?

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवरील वापरकर्त्यांचे ग्रुप ठरल्याप्रमाणे आहेत की नाहीत, हे इन्स्पेक या सर्व्हर तपासणाऱ्या साधनाच्या चाचण्यांनी आपोआप पाहण्याविषयी मी एक टिपण लिहीत आहे. शीर्षकात 'गटांचे लेखापरीक्षण' असे लिहिले, तेव्हा सहकाऱ्यांना ते बचत गटांविषयीचे वाटले. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद : सहकाऱ्यांचा गैरसमज स्वाभाविक आहे. 'लेखा' म्हणजे हिशेब, आणि लेखापरीक्षक हिशेब पाहून आपला अभिप्राय देतो. येथे अभिप्रायाला जागाच नाही. 'रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) गटाचा क्रमांक ० असावा' असे आपण चाचणीत आधी लिहून ठेवतो आणि यंत्र ते प्रत्यक्ष स्थितीशी जुळवून पाहते. शाळेत भागाकारानंतर ताळा करून पाहत असू, तेच हे काम असल्याने 'पडताळणी' हा शब्द नेमका बसतो. 'तपासणी' मला सैल वाटतो, कारण काय आढळावे हे ठरलेले नसतानाही तपासणी करता येते.

दुसरा प्रतिसाद : 'पडताळणी' मान्य. उदाहरण मात्र लिनक्सपुरते आहे; मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर ० क्रमांकाच्या गटाचे नाव 'व्हील' असते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 'मेंबर'ला 'सदस्य' म्हणावे ना?

प्रतिसाद : म्हणावे, पण जपून. ईटीसी निर्देशिकेतील ग्रुप फाइलच्या प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी वेगळे केलेले चार रकाने असतात : नाव, पासवर्डची जागा, क्रमांक आणि सदस्यांची यादी. ज्याचा तो प्रायमरी ग्रुप, म्हणजे खात्याला नेमलेला मुख्य गट, आहे, त्याचे नाव या यादीत असेलच असे नाही. त्या गटाचा क्रमांक पासवर्ड फाइलमधील त्या वापरकर्त्याच्या ओळीत, चौथ्या रकान्यात असतो. त्यामुळे 'डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) गटाला एकही सदस्य नसावा' ही चाचणी केवळ यादी पाहत असेल, तर ती उत्तीर्ण होईल आणि तरीही तो ज्याचा प्रायमरी ग्रुप आहे, अशा एखाद्याच्या हाती जवळजवळ रूटचे अधिकार राहतील. म्हणून 'यादीतील सदस्य' असेच लिहावे. प्रायमरीला 'मूळ गट' आणि सप्लिमेंटरीला, म्हणजे त्याखेरीजच्या गटांना, 'पूरक गट' म्हणावे. 'दुय्यम' नको, कारण फाइल वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्यांत पूरक गट कमी प्रतीचा नसतो. नवी फाइल सहसा मूळ गटाच्या नावे लागते, एवढाच काय तो फरक.

दुसरा प्रतिसाद : शब्दांइतकीच काळजी 'ही' आणि 'च' या अव्ययांची घ्यावी. वापरकर्त्याचे खाते बदलणाऱ्या युजरमॉड आज्ञेत पूरक गट ठरवणाऱ्या मोठ्या जी (-G) या पर्यायासोबत लहान ए (-a) द्यायचे राहिले, तर नवा गट जुन्या पूरक गटांत जोडला जात नाही, त्यांची जागा घेतो. 'हा गटही असावा' एवढेच पडताळणारी चाचणी अशा वेळी बिनबोभाट उत्तीर्ण होते. 'हेच गट असावेत' असे लिहिलेली चाचणी ती चूक पकडते.