मदत हवी आहे: रक्तक्षयावर गटचर्चा, मुली तोंडच उघडत नाहीत

घरकुलची_ताई: शनिवारी परत गट आहे. मागच्या वेळी "हिमोग्लोबिन म्हणजे काय?" विचारलं, सगळ्या माना खाली. शेवटी मीच बोलत बसले. बोलतं कसं करायचं? तक्ते, पत्रकं सुचवू नका, ढीग पडलाय. लवकर सांगा.

सुगरण६२: रोज बीट खायला सांगा. आमच्या नातीचं महिन्यात वाढलं.

प्रश्नचिन्ह: ताई, वय काय? किती जणी? मुलगे असतात का?

आकडेमोड: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला.

घरकुलची_ताई: आकडे आहेत हो माझ्याकडे! आठवी-नववीच्या, पंचवीसेक. सोलापुरातल्या विडी घरकुलजवळची (विडी कामगारांची वसाहत) शाळा. मुलगे नाहीत, फक्त सर मागे खुर्ची टाकून बसतात.

प्रश्नचिन्ह: हे आधी सांगायचं ना! सर बसलेले असताना पाळीबद्दल कोण बोलणार? त्यांना बाहेर काढा. पंचवीस म्हणजे सभा झाली, सहा-सात जणींची टोळकी करा. घरी तेलुगू असेल तर आपसात तेलुगूत बोलू द्या.

लोहपुरुष: बीटात लोह फारसं नसतं, रंगावर जाऊ नका. हुलगे, आळीव, पालेभाज्या, वर लिंबू. आणि जेवणावर लगेच चहा नको.

सुगरण६२: नातीचं वाढलं ते काय हवेने? बरं, लोखंडी तव्यावरची भाकरी तरी?

लोहपुरुष: भाकरीत कितीसं उतरणार? आंबट आमटी लोखंडी कढईत करा.

सोलापूरकर_पुण्यात: सोलापूरचा विषय निघालाच आहे तर, चांगली शेंगाचटणी कुठे मिळेल?

निवृत्त_परिचारिका: हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की नुसत्या खाण्यावर भागत नाही, लोहाची गोळी लागते. व्याख्या विचारूच नका. विचारा, "शाळेत मिळणारी आठवड्याची निळी लोहाची गोळी कुठे जाते?" आमच्याकडे खिडकीखाली निळा सडा असायचा. एकीने कबूल केलं की बाकीच्या सुरू होतात. शी काळी होते म्हणून घाबरतात. ती लोहामुळे होते, काही बिघडत नाही. उपाशीपोटी मळमळतं, म्हणून जेवल्यावर घ्यायची.

घरकुलची_ताई: हा प्रश्न घेतेच. सरांचं मुख्याध्यापिकाबाईंशी बोलते. मुलींच्या हिमोग्लोबिन तपासणीचे आकडे आलेत, ते गटात वाचून दाखवू?

निवृत्त_परिचारिका: मुळीच नको. एकेकीला बाजूला घेऊन सांगा, आणि ८ च्या खाली असेल तिच्या आईला त्याच दिवशी बोलवून दवाखान्यात पाठवा.