जुनी कंबरदुखी आणि आठ तासांचं बैठं काम

प्रश्न: कंबरदुखी जुनी आहे. तपासण्या झाल्या, ऑपरेशनची गरज नाही. पण दुपारी ३ नंतर खुर्चीत बसवत नाही. दिवस कसा आखावा? साहेबांना काय सांगावं?

पहिलं उत्तर: कळ यायची वाट बघू नका, त्याआधी उठा. ४० मिनिटांनी दुखत असेल तर गजर ३० व्या मिनिटाला लावा आणि २ मिनिटं चाला. बरं वाटतंय म्हणून साचलेलं सगळं एका दिवसात उपसलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच! डोकं लावायची कामं सकाळी, फोन दुपारी, तेही उभ्याने.

दुसरं उत्तर: टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून पट्ट्याच्या किंचित वर, कमरेच्या खोलगट भागात ठेवा. खाली सरकली की माकडहाडाला टोचते, म्हणून दोरीने खुर्चीला बांधा. पावलं टेकत नसतील तर खाली पाट घ्या. लॅपटॉप उंचावलात तर की-बोर्ड वेगळा हवाच, नाहीतर खांदे धरतात.

तिसरं उत्तर: साहेबांना दुखणं सांगत बसू नका, नेमकं मागा: "तासाभरापेक्षा लांब मीटिंगमध्ये मी मधेच उभा राहीन; महिनाभर करून बघू." लेखी द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

चौथं उत्तर: मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर ऑफिस सोडून त्याच क्षणी इस्पितळ गाठा.