पुणे ते बंगळुरू बदली: नवी गाडी इथेच घ्यावी की तिकडे गेल्यावर?

घाटवळण:
कंपनीने बंगळुरूला बदली केली आहे, दोन महिन्यांत निघायचं आहे. मुक्काम किमान तीन वर्षांचा, पुढचं माहीत नाही. सध्याची हॅचबॅक सात वर्षांची आहे, ती काढून एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा वगळून) १२ लाखांच्या आसपासची पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यायची आहे. पुण्यातला डीलर ओळखीचा आहे आणि सवलतही बरी देतोय. शिवाय महाराष्ट्रात रोड टॅक्स कमी, म्हणून इथेच घेऊन चालवत न्यावी असं घरच्यांचं मत. ऑफिसमधले म्हणतात तिकडे जाऊनच घ्या. कर्ज काढणार आहे. कंपनीची ऑफिसं पुणे, बंगळुरू, हैदराबाद आणि गुरुग्रामला आहेत, याचा काही संबंध येतो का?

कागदोपत्री:
शेवटच्या ओळीचा संबंध येतो आणि चांगलाच येतो, पण आधी साध्या नंबरचा हिशोब बघा.

१२ लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के, म्हणजे १,४४,००० रुपये एकरकमी कर. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गटाला १७ टक्के, म्हणजे २,०४,०००, आणि त्या करावर ११ टक्के उपकर धरला की २,२६,४४०. फरक ८२ हजारांचा. घरच्यांना हाच फरक दिसतोय. पण हे पैसे वाचत नाहीत, फक्त पुढे ढकलले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्या वेळी कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो खरा, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत फारसा उतरत नाही.

महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो. क्रम मात्र उलटा आहे. आधी कर्नाटकात दोन लाखांच्या घरात भरायचे, तिकडचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि कराची पावती हातात आली की मग पुण्याच्या आरटीओत परताव्याचा अर्ज करायचा. बंगळुरूत बसून त्या फाइलीचा पाठपुरावा कोण करणार हे आधी ठरवा. एजंटाचे पैसे, सुट्ट्या आणि अडकलेली रक्कम धरली तर तीन वर्षांच्या मुक्कामासाठी एमएच-१२, म्हणजे पुण्याचा नंबर, घेण्यात अर्थ नाही. मुक्काम आठ-दहा महिन्यांचाच असता तर डोळे झाकून पुण्यात घ्या म्हटलं असतं.

तिसरागिअर:
नंबर बदलायची प्रक्रियाही लिहून ठेवतो, म्हणजे घरच्यांना दाखवता येईल. पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा लागतो. कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र, आणि फाइल सगळ्यात जास्त इथेच अडते, कारण शाखा म्हणते हे काम मुख्य कार्यालयाचं. सगळी ई-चलनं भरलेली हवीत, विमा आणि पीयूसी चालू हवं. एनओसी सहा महिन्यांपुरती चालते. मग बंगळुरूच्या आरटीओत नव्या नंबरसाठी फॉर्म २७, पत्ताबदलासाठी फॉर्म ३३, तिथला पत्त्याचा पुरावा, गाडी प्रत्यक्ष दाखवणं आणि कर. त्यानंतर नव्या नंबरच्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) पाट्या, विम्यात नंबर आणि पत्त्याची दुरुस्ती, फास्टॅगवर नवा नंबर. विम्यातली दुरुस्ती लोक विसरतात आणि क्लेमच्या वेळी आरसीवर एक नंबर, पॉलिसीवर दुसरा निघतो.

नाक्यावरून:
एक मधला मार्ग आहे. गाडी पुण्यात घ्यायची, नोंदणी बंगळुरूत करायची. डीलर तात्पुरती नोंदणी काढून देतो, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. जीएसटी देशभर सारखाच, त्यामुळे एक्स-शोरूममध्ये मोठा फरक नसतो आणि पुण्यातली सवलत पदरात पडते.

तिसरागिअर:
@नाक्यावरून, मार्ग कायदेशीर आहे, पण कर कर्नाटकचाच लागणार, म्हणजे फायदा फक्त सवलतीएवढा. त्यासाठी काय करावं लागतं तेही बघा. बंगळुरूच्या डीलरकडून घेतलेली गाडी आरटीओत न्यावी लागत नाही, कागद तोच पाठवतो. बाहेरून तात्पुरत्या नोंदणीवर आलेली गाडी मात्र तपासणीला न्यावी लागते. सोबत फॉर्म २०, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२, बिल, विमा आणि स्थानिक पत्त्याचा पुरावा. बिलावर आणि विम्यावर पहिल्यापासून बंगळुरूचाच पत्ता हवा. तो अजून तुमच्याकडे नाही. भाडेकरार झाल्याशिवाय बिल फाडू नका. आणि डीलरची सवलत कशात आहे हेही विचारा. बऱ्याचदा ती त्याच्याच विम्यावर आणि ॲक्सेसरीजवर बेतलेली असते. बाहेरची नोंदणी म्हटल्यावर आकडा बदलतो.

कागदोपत्री:
आता तो राहिलेला मुद्दा, चार शहरांतल्या ऑफिसांचा: बीएच मालिका, म्हणजे देशभर चालणारा ‘भारत’ नंबर. सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे. खासगी कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत असतील तर तिचे कर्मचारी पात्र ठरतात. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, हरियाणा अशी तुमची बरोबर चार होतात. काठावर पास आहात, म्हणून चारही ऑफिसं कंपनीच्या नावावर, स्वतंत्र नोंदणी असलेली आहेत ना, की एखादं नुसतं को-वर्किंगमधलं टेबल आहे, हे एचआरला विचारा.

बीएचच्या कराचा दर १० लाखांपर्यंत ८ टक्के, १० ते २० ला १०, त्यावर १२. डिझेलला २ जास्त, इलेक्ट्रिकला २ कमी. मुख्य फायदा असा की कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यात भरायचा. तुमच्या गाडीला पहिला हप्ता साधारण पंधरा हजारांच्या आसपास येईल. राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो, एनओसी नको, परतावा नको. पुढे कंपनीने हैदराबादला पाठवलं तरी तेच.

खासगी नोकरदारांना बीएच देण्यावरून कर्नाटकात बरीच ओढाताण झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. म्हणून पात्र असाल तर पुण्यात असतानाच बीएच काढून घ्या, हा माझा स्पष्ट सल्ला. तुमच्या बाबतीत ‘आधी घ्या’ म्हणायला हे एकच पटण्यासारखं कारण आहे.

घाटवळण:
हे डोक्यातच आलं नव्हतं. एचआरकडून नेमकं काय घ्यायचं? आणि बीएचचा तोटा काय?

कागदोपत्री:
फॉर्म ६०. कंपनीच्या लेटरहेडवरचं साधं पत्र चालत नाही, ठरलेल्या नमुन्यातच हवं. त्यात ऑफिसं कुठल्या राज्यांत आहेत ते येतं, सही-शिक्का अधिकृत व्यक्तीचा. सोबत ओळखपत्राची प्रत. मोठ्या कंपन्यांत ही सही मिळायला आठवडे जातात, त्यामुळे गाडीचा रंग ठरवायच्या आधी हा मेल टाका. डीलरला बुकिंगच्या वेळीच ‘बीएच हवी’ असं लेखी कळवा. एकदा साध्या नोंदणीत फाइल गेली की उलटं फिरवणं कटकटीचं.

तोटे: दर दोन वर्षांनी हप्ता स्वतः आठवणीने भरायचा. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये दंड. विकताना घेणारा बीएचला पात्र नसेल तर गाडी साध्या नंबरवर आणून तिथला उरलेला कर भरावा लागतो, आणि घेणारा ती रक्कम किमतीतून कापतो. दहा-बारा वर्षं एकाच शहरात राहणाऱ्याला बीएच घेऊन विशेष उपयोग नाही.

बॉनेटउघडा:
कराची चर्चा झाली, आता गाडीची.

बंगळुरूतलं घर ठरण्याआधी गाडीची लांबी-उंची ठरवू नका. काही सोसायट्यांत मेकॅनिकल स्टॅक पार्किंग असतं, तिथल्या वरच्या-खालच्या पाळण्याला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते. रूफ रेलवाली एसयूव्ही तिथे बसत नाही. मालकाकडून पार्किंगची जागा भाडेकरारात लिहून घ्या.

पुण्यात घेतलीत तर ८४० किलोमीटर चालवत न्यायची आहे. एनएच-४८ ने सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर एकाच वेगात तासन् तास पळवणं मानवत नाही, कारण पिस्टन रिंग सिलिंडरला नीट बसायला भार कमी-जास्त होत राहायला हवा. हुबळीपुढचा सरळ रस्ता बघून क्रूझ कंट्रोल लावायचा मोह होतो, तो टाळा. वेग ७० ते ९५ मध्ये खालीवर ठेवा, पूर्ण थ्रॉटल देऊ नका, पहिल्या दिवशी हुबळीला मुक्काम करा. निघण्याआधी शंभर-दीडशे किलोमीटर पुण्यातच चालवा, म्हणजे काही खडखड निघाली तर विकणारा डीलर हाताशी आहे.

ट्रकवरून पाठवणार असाल तर टाकीत पाव टाकीच पेट्रोल, चारही बाजूंचे आणि ओडोमीटरचे फोटो, ट्रान्झिट विमा वेगळा, आणि फास्टॅगला ॲल्युमिनियम फॉइल. नाहीतर ट्रकच्या टॅगबरोबर तुमचाही वाचला जातो आणि टोल दोनदा कापला जातो.

नाक्यावरून:
आणि पुण्याच्या नंबरवर गेलातच तर ‘११ महिन्यांनी एकदा गावी चक्कर मारली की मुदत नव्याने सुरू’ या सिद्धांतावर विसंबू नका. तपासणीत गाडी कधी आली हे तुम्हालाच दाखवावं लागतं. फास्टॅगचं स्टेटमेंट पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. अर्थात गाडीची सगळी सर्व्हिसिंग बंगळुरूत झालेली असेल तर एका चकरेच्या टोलपावतीने कोणाचं समाधान होणार?

तिसरागिअर:
जुन्या गाडीबद्दल कोणीच बोललं नाही. ती पुण्यातच विका. एमएच-१२ ला इथेच गिऱ्हाईक आहे, तिकडे घेणारा कर आणि एनओसीचा खर्च आधीच वजा करतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी देणं पुरेसं नाही. आरसीवर नवं नाव चढल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत चलनं आणि अपघाताची जबाबदारी तुमच्याच नावावर राहते. म्हणून निघायच्या महिनाभर आधी विक्री उरका. जुना फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात लागू होतं, जास्तीत जास्त ५० टक्के. पुणे आणि बंगळुरू दोन्ही विम्याच्या ‘ए’ झोनमध्ये असल्याने शहर बदलून त्या हप्त्यात फरक पडत नाही.

कर्जाचं म्हणाल तर बदली त्याच कंपनीत आहे, त्यामुळे पगारपत्रकं चालू राहतात. मंजुरीपत्र आत्ताच घेऊन ठेवा, पण कर्ज उचलण्याआधी बँकेला गाडी कुठल्या राज्यात नोंदवणार ते सांगा.

कागदोपत्री:
@घाटवळण, तर क्रम असा: उद्या एचआरला फॉर्म ६० चा मेल. दोन-तीन आठवड्यांत सही मिळाली तर पुण्यात बीएच. नाही मिळाली तर पुण्याचं बुकिंग रद्द करा, बंगळुरूच्या दोन डीलरांकडून ऑन-रोड (कर-विम्यासह) किमतीची फोड लेखी मागवा आणि भाडेकरार झाला की तिथे बिल करा. बुकिंगची रक्कम परत मिळते का, किती कापून मिळते, हे पुण्याच्या डीलरकडून आजच पावतीवर लिहून घ्या.