बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका
शिकारीसाठी लेझर रेंजफाइंडर (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) घेताना स्वस्तातला १००० यार्डवाला घ्यावा की गोल्फचा ६०० वाला असा प्रश्न असेल, तर आधी तो बॉक्सवरचा आकडा डोक्यातून काढा. तो चकचकीत रिफ्लेक्टिव्ह टार्गेटचा असतो, हरणाच्या अंगावरून लेझर तेवढा परत येत नाही, १००० वाला हरणावर ४००-५०० पर्यंत नीट चालला तरी खूप झालं, धुकं-पाऊस असेल तर त्याहून कमी. गोल्फचा नकोच. तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो कारण तिथे झेंडा पुढे आणि झाडं मागे, शिकारीत नेमकं उलटं, गवत-फांद्या पुढे आणि जनावर मागे, म्हणून लास्ट टार्गेट मोड, म्हणजे सगळ्यात लांबची वस्तू पकडणारी सेटिंग, हवाच. धनुष्याने मचाणावरून मारणार असाल तर अँगल कॉम्पेन्सेशनसाठी (तिरक्या अंतरावरून आडवं अंतर काढून देणारी सोय) दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, ३० अंश खाली ४० यार्ड दाखवलं तरी आडवं अंतर साडेचौतीसच भरतं, ४० धरून सोडला तर बाण वर लागतो आणि जनावर जखमी होऊन पळतं, ते फार वाईट. आणि डिस्प्ले संध्याकाळच्या उजेडात बघा, काळे आकडे झाडीवर दिसतच नाहीत, लाल पाहिजेत. घेतल्यावर टेपने मोजलेल्या अंतरावर एकदा ताडून बघाच.