नुसता प्रमुख नेमून भागत नाही
आपत्तीनंतर मदतीला येणाऱ्या सगळ्या परदेशी संस्थांवर कामागणिक एकेक प्रमुख नेमला की मदतकार्यातला गोंधळ मिटेल, असं म्हटलं जातं; या मुद्द्याशी मी अर्धाच सहमत. २००५ पासून संयुक्त राष्ट्रांची 'क्लस्टर' पद्धत (एकेका कामाचा एक गट, त्याला एक प्रमुख संस्था) साधारण तेच करते: आरोग्य जागतिक आरोग्य संघटनेकडे, पाणी-स्वच्छता युनिसेफकडे, वाहतूक-गोदामं जागतिक अन्न कार्यक्रमाकडे. (प्रमुखाला हुकूम सोडता येत नाही, हा भाग वेगळाच.) तरी २०१० च्या हैती भूकंपानंतर काय झालं? समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या बंदिस्त तळावर, त्याही बऱ्याचदा इंग्रजीत. स्थानिक माणसं फ्रेंच आणि क्रेओल बोलणारी; कितीतरी जण फाटकाबाहेरच राहिले. कुठल्या वस्तीत कोण अडकलंय हे ज्यांना ठाऊक, नेमके तेच बाहेर! पुनर्वसनात तर आणखी पंचाईत. घर बांधायच्या आधी जमीन कुणाची हे ठरावं लागतं, आणि तिथे परदेशी संस्थेचं काही चालत नाही.