पीएस५ डिस्कवाला घ्यावा की बिनडिस्कचा? बाबांच्या दोन खोक्यांचा प्रश्न

कृष्णाकाठची, सांगली
नमस्कार मंडळी. मी विश्रामबागेत राहते. मुलगा आठवीत आहे. वर्षभर पीएस५ साठी, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलसाठी, मागे लागलाय आणि दिवाळीत घ्यायचं आम्ही कबूल केलंय. दुकानात कळलं की एक डिस्कवाला येतो आणि एक बिनडिस्कचा, तो जरा स्वस्त. मुलगा म्हणतो, गेम डाउनलोडच करणार, बिनडिस्कचा चालेल. पण माझ्या बाबांकडे दोन खोकी भरून सिनेमे आणि नाटकं आहेत, आणि त्यांचा प्लेअर दोन वर्षं बंद पडलाय. डिस्कवाला घेतला तर दोघांचं काम होईल ना? चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण बाबांना आशा लावून त्यांचा हिरमोड व्हायला नको.

अजिंक्यतारा_७९, सातारा
ताई, डिस्कवाला घ्या. आमच्याकडे पीएस२ आला तोच मुळी सिनेमांमुळे. मामा दुबईला होते, ते आणणार होते. माझे वडील शिक्षक, खेळण्यावर एवढे पैसे घालवणं त्यांना पटेना. "यावर डीव्हीडी पण लागते" म्हटल्यावर आईच माझ्या बाजूने उभी राहिली. मग दिवसा माझा गेम आणि रात्री जेवणं झाली की सगळ्यांचा सिनेमा. शेजारच्या काकू वाटीत शेंगदाणे घेऊन यायच्या.

बाहेरही लोकांनी हाच हिशोब केला. जपानमध्ये ४ मार्च २००० ला पीएस२ आला, किंमत ३९,८०० येन. डीव्हीडी तेव्हा नवी होती, प्लेअर महाग होते. त्यात एकाच यंत्रावर दोन्ही मिळतंय म्हटल्यावर घरातली मोठी माणसंही तयार झाली. त्याच काळातल्या सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर डीव्हीडी चालत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर चालायची, पण त्यासाठी रिमोटचा संच वेगळा विकत घ्यावा लागे.

पीएस३ च्या वेळी तर फरक फारच मोठा होता. २००६ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे (डीव्हीडीनंतरची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) प्लेअर हजार डॉलरच्या घरात होता आणि पीएस३ ४९९ नि ५९९ डॉलरला. गेम न खेळणाऱ्यांनीही नुसता प्लेअर म्हणून तो घेतला. हे परवडायचं कसं, तर कन्सोल तोट्यात विकून कंपनी पुढे गेमवर पैसे काढते. नुसता प्लेअर बनवणाऱ्याला पुढे विकायला काहीच नसतं, त्याला नफा तिथल्या तिथेच काढावा लागतो. ब्लू-रेसमोर स्पर्धेला तोशिबाची एचडी डीव्हीडी ही डिस्क होती. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी तिचा ड्राइव्ह वेगळा विकला. पीएस३ मुळे मात्र ब्लू-रे आपोआप घराघरांत जाऊन बसली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली.

खणआळीकर, सातारा
दादांचं सगळं बरोबर आहे, पण ताई, पैसे भरायच्या आधी खोकी उघडा. बाबांच्या डिस्क डीव्हीडी आहेत की व्हीसीडी, म्हणजे जुन्या व्हिडिओ सीडी? पीएस५ वर डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोर-के ब्लू-रे चालतात. व्हीसीडी चालत नाही, गाण्यांची ऑडिओ सीडीसुद्धा नाही. आपल्याकडे मराठी नाटकं कितीतरी व्हीसीडीवरच निघाली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा दोन्ही शेजारीशेजारी विकल्या जायच्या. दिसायला सारख्याच. डिस्कवरचा शिक्का बघा. तो पुसला असेल, तर एक सिनेमा दोन-तीन डिस्कवर आहे का बघा. असेल तर बहुतेक व्हीसीडीच, कारण एकीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं.

परदेशातून आणलेल्या डिस्क असतील तर त्यांचा विभाग (रीजन कोड) बघा, तो यंत्राशी जुळला नाही तर डिस्क लागत नाही. डीव्हीडीला भारत पाचव्या विभागात येतो, ब्लू-रेला सी मध्ये. फोर-के ला ही भानगड नाही.

कृष्णाकाठची, सांगली
बरं झालं विचारलं. काल बाबा आणि मी दोन्ही खोकी उघडून बसलो. एकूण ११४ डिस्क. त्यात डीव्हीडी फक्त २३, बाकी सगळ्या व्हीसीडी. नाटकं तर एकूण एक व्हीसीडीवर. काहींना २०१९ च्या पुराचं पाणी लागलंय, त्या लागतील की नाही सांगता येत नाही. आता काय करू?

खणआळीकर, सातारा
कन्सोल मुलाच्या सोयीने घ्या. बिनडिस्कच्या नव्या स्लिम मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं तेवढंच. बाबांसाठी यूएसबीला लागणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह आणा, व्हीसीडी कॉम्प्युटरवर उघडा. एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल असते, ती उतरवून घ्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर सॉफ्टवेअरवर सरळ चालते. पुरातल्या डिस्क आधी साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका. आणि त्याच सगळ्यात आधी उतरवा.

कृष्णाकाठची, सांगली
ड्राइव्ह आणला. पहिलं नाटक उतरलं, दुसऱ्या अंकाची डिस्क मध्ये अडकते आहे, पुन्हा धुऊन बघते. बाबा खोक्यावर पेनाने नंबर टाकत बसलेत.